पोलीस भरतीला वेळापत्रक द्या: गृह विभाग आणि पोलीस महासंचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य
मा. अपर पोलीस महासंचालक, प्रशिक्षण व खास पथके

विषय: पोलीस शिपाई भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घेण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या पोलीस भरतीला मंजुरी दिली आणि सोबत आणखी एक निर्णय घेतला. मधल्या काळात ज्या उमेदवारांनी कमाल वयोमर्यादा ओलांडली, त्यांना ‘एक वेळची विशेष बाब’ म्हणून अर्ज करू देण्याचा. त्या दिवशी माझ्याकडे सराव करून गेलेल्या कितीतरी मुलांचे फोन आले. ज्यांनी बूट माळ्यावर टाकले होते त्यांचेही आले. त्यांचा आनंद खरा होता आणि सवलत दिल्याबद्दल मी आपला आभारीही आहे. पण करोनाकाळात वय गेलेल्यांनाही अशीच विशेष बाब करावी लागली होती. एवढ्या थोड्या वर्षांत दुसऱ्यांदा तीच वेळ येत असेल, तर भरती वेळेवर होत नाही हे शासनाने स्वतःच मान्य केलं आहे. सवलत देऊन हा विषय संपला असं समजलं जातंय. तो संपलेला नाही, म्हणून हे पत्र.

मी मराठवाड्यातल्या एका दुष्काळी तालुक्यात माध्यमिक शाळेवर क्रीडाशिक्षक आहे. शाळा भरण्याआधी पहाटे भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा सराव घेतो, पैसे न घेता. आमच्याकडे चारशे मीटरचा ट्रॅक नाही. मोटारसायकलच्या मीटरवर अंतर मोजून डांबरी रस्त्याच्या कडेला चुन्याच्या खुणा केल्या आहेत, त्यावर मुलं १६०० मीटर धावतात. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की मी पुढे बॅटरी घेऊन उभा राहतो. डांबरावर रोज पळून नडग्या भरून येतात, पोरं त्यावर हळद-तेल लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मुलांसाठी ७.२६० किलोचा गोळा एकच आहे, तो सगळ्यांच्या हातून फिरतो. मुलींचा ४ किलोचा गोळा पालकांनी वर्गणी काढून आणला. यांच्या घरी दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन किंवा तीही नाही. काहींचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. बारावीनंतर घरातलं कुणी पगारावर लागण्याचा जो एक रस्ता या मुलांना दिसतो, तो पोलीस भरतीचा. म्हणून आपल्या विभागाचं एक परिपत्रक इथे जेवढ्या बारकाईनं वाचलं जातं, तेवढं मंत्रालयातही वाचलं जात नसेल.

माझी मुख्य तक्रार वेळेची आहे. बाकीच्या बहुतेक तक्रारी तिच्यातूनच निघतात.

सप्टेंबर २०१९ मध्ये अर्ज मागवले, त्याची लेखी परीक्षा झाली २०२१ मध्ये. करोना होता, हे मान्य. २०२१ ची रिक्त पदं म्हणून निघालेली १८,३३१ जागांची जाहिरात आली नोव्हेंबर २०२२ मध्ये. २०२२-२३ ची पदं, म्हणजे १७,४७१ जागा, मार्च २०२४ मध्ये निघाल्या. २०२४-२५ च्या १५,६३१ जागांचे अर्ज सुरू झाले २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीस. प्रत्येक जाहिरातीच्या डोक्यावर उलटून गेलेलं वर्ष छापलेलं आहे. शासनाच्या लेखी जागा त्या वर्षाची असते, उमेदवाराचं वय मात्र या वर्षाचं धरलं जातं. खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ ही मर्यादा कागदावर पुरेशी वाटते. पण २०१९ ला पंचवीस वर्षांचा असलेला खुल्या प्रवर्गातला मुलगा बघा. पहिली लेखी देईपर्यंत तो सत्तावीसचा झाला, पुढची जाहिरात येईपर्यंत अठ्ठावीस उलटायला आलं. ऐन उमेदीच्या वर्षांत त्याच्या वाट्याला किती भरत्या आल्या, ते आपणच मोजा.

आणि हे टाळता येण्यासारखं नाही का? पोलीस दलात जो कुणी आहे त्याची जन्मतारीख सेवापुस्तकात लिहिलेली आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो निवृत्त होणार, हे तो रुजू झाला त्याच दिवशी ठरलं. पुढच्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या घटकात (आयुक्तालय, राखीव बलाचा गट वगैरे) किती जागा रिकाम्या होणार, हा हिशेब आस्थापना शाखेतला लिपिक एका दिवसात मांडून देईल. पदोन्नती, स्वेच्छानिवृत्ती, मृत्यू यांनी तो थोडा इकडेतिकडे होईल, एवढंच. मग जागा साठू द्यायच्या, निवडणुकीचा सुमार आला की सतरा-अठरा हजारांची मेगाभरती काढायची, हे कशासाठी? ‘मेगाभरती’ हा शब्द बातम्यांत अभिमानाने वापरला जातो. मला तो ऐकून काळजी वाटते, कारण त्याच्या आधीची काही वर्षं कोरडी गेलेली असतात आणि नंतरचीही जाणार असतात.

वयाच्या सवलतीबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. ते माझ्याच काही मुलांना आवडणार नाही. दर वेळी वय वाढवून मागणं हा उपाय नाही. तिशी ओलांडलेला मुलगा लग्न, लेकरं, कर्ज सांभाळून पुन्हा डांबरावर पळायला लागतो, आणि त्याच जागेसाठी नुकतीच बारावी झालेला पोरगाही पळत असतो. दोघांवरही तो अन्याय आहे. मोठ्याला आशेवर अडकवून ठेवलं जातं आणि धाकट्याच्या रांगेत मागची पाच वर्षं येऊन उभी राहतात. भरती दरवर्षी झाली तर तेविसाव्या-चोविसाव्या वर्षीच मुलाला कळेल की आपलं जमणार आहे की नाही. जमणार नसेल तर तो वेळीच दुसऱ्या कामाला लागेल. आमच्या भागाची ती सगळ्यात मोठी सोय होईल.

दुसरी तक्रार मैदानी चाचणीच्या हंगामाची. २०२२ च्या जाहिरातीचं ग्राउंड जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. थंडीचे दिवस, कोरडी माती, पहाटेची हवा. म्हणजे नीट करायचं ठरवलं तर करता येतं. पुढच्या भरतीचे अर्ज मार्च-एप्रिल २०२४ मध्ये भरून घेतले, मध्ये लोकसभेची निवडणूक गेली आणि ग्राउंड सुरू झालं १९ जूनला. ऐन मृगात! काही ठिकाणी चिखलामुळे तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या पोरांच्या तारखा ढकलल्या नाहीत ती ओल्या मैदानावर पळाली. पावसात भिजलेल्या वर्तुळातून गोळा फेकताना पाय सरकला की फाउल, आणि शंभर मीटरला एका सेकंदाच्या फरकाने दोन-तीन गुण फिरतात. मुलांच्या १६०० मीटरला पूर्ण वीस गुण हवेत तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. एकाने ती वेळ जानेवारीत टणक मातीवर काढायची आणि दुसऱ्याने जूनच्या राडीत, आणि गुणपत्रक दोघांचं सारखंच. घटकाघटकाची यादी वेगळी लागते हे मला माहीत आहे. पण एकाच घटकात पहिल्या दिवशी पळालेला आणि पाऊस पडून गेल्यावर पळालेला, हे दोघे तर एकाच यादीत असतात ना?

याच काळात मुलं दगावली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत कलिन्याच्या मैदानावर १६०० मीटर धावल्यावर एक उमेदवार कोसळला. जून २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यात बाळेगावच्या राज्य राखीव पोलीस बलाच्या मैदानावर पाच किलोमीटर धावताना आणखी एक गेला. दोघेही पंचविशीच्या आसपासचे. यात कुणा एका अधिकाऱ्याचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण मुलं ग्राउंडवर कशी पोचतात, हे आपण एकदा पाहावं. मुंबईच्या घटकाला अर्ज केलेला आमच्याकडचा मुलगा आदल्या रात्री रेल्वेच्या जनरल डब्यात उभा राहून येतो. राहायला जागा नसते, म्हणून फूटपाथवर किंवा पुलाखाली पिशवी उशाला घेऊन आडवा होतो. पहाटे पोट जड नको म्हणून काही खात नाही, पाणीसुद्धा घोट-घोट पितो. मग कागदपत्रं, उंची, छाती अशा रांगा. पायाला वेळ मोजायची चिप, अंगावर चेस्ट नंबर. नंबर येतो तेव्हा ऊन चढलेलं असतं. या अवस्थेत तो आयुष्यातली सगळ्यात जोराची धाव घेतो, कारण पुढची भरती कधी निघेल याचा त्याला भरवसा नसतो. छातीत कळ आली तरी तो थांबत नाही. थांबण्याची किंमत त्याला माहीत आहे.

काही मुलं इंजेक्शन आणि गोळ्यांच्या नादी लागतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. मैदानावरच्या तपासणीत ती सापडली आहेत. मी माझ्या मुलांना याबाबत अतिशय कडक शब्दांत बजावतो. जो असं करेल त्याला बाद करा, माझी तक्रार नाही. मात्र एवढंच लक्षात घ्या की ज्याला पुढच्या जानेवारीत पुन्हा संधी आहे हे पक्कं माहीत असतं, तो अशा मोहाला सहसा बळी पडत नाही.

मुलींचा प्रश्न मी वेगळा मांडतो, कारण तो कुणी मांडत नाही. महिलांना तीस टक्के जागा आहेत आणि आमच्या गावातून आता मुलांइतक्याच मुली तयारी करतात. माझ्याकडची एक मुलगी ८०० मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत रोज काढायची, म्हणजे पूर्ण वीस गुणांची धाव. तिच्या ग्राउंडची तारीख पाळीच्या दुसऱ्या दिवशी आली. तारीख बदलून मिळेल का, हे विचारायचं कुणाला हेच तिला माहीत नव्हतं. तिथे शौचालयाची रांग एवढी लांब की तिने जायचंच टाळलं. ती धावली आणि मैदानी परीक्षेत पात्रही ठरली, पण लेखीला एका जागेमागे दहा या प्रमाणात बोलावतात, त्या यादीत थोडक्यात राहिली. तिच्या वडिलांनी मला विचारलं, “सर, परत कधी निघंल?” मला उत्तर देता आलं नाही. २०२४ मध्ये दोन पदांची ग्राउंड एकाच दिवशी आलेल्या उमेदवारांना वेगळी तारीख द्यायच्या सूचना निघाल्या होत्या. चांगला निर्णय होता तो. तारीख बदलून देता येते हे त्यातून सिद्धच झालं. मग मुलींना, कारण न विचारता, एकदा तारीख बदलायची सोय का नसावी?

नियम बदलण्याबद्दल थोडक्यात. २०१९ पूर्वी मैदानी शंभर गुणांची होती, त्यात लांब उडी आणि पुलअप्स होते. २०१९ ला ती पन्नासवर आणली, उडी आणि पुलअप्स गेले, लेखी आधी आली. २०२२ ला पुन्हा ग्राउंड आधी, आणि त्या पन्नास गुणांची वाटणीही बदलली. लेखी आधी की ग्राउंड आधी, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझा कल ग्राउंड आधी याकडे आहे, कारण क्लासची फी न परवडणारी मुलं तिथे मागे पडत नाहीत. परंतु जे ठरवाल ते पाच वर्षं हलवू नका. शहरातल्या अकॅडमीत नियम बदलला की आठवड्यात नवीन बॅच सुरू होते. आमच्याकडे मी पुलअप्ससाठी जो लोखंडी बार पुरला होता, त्यावर आता लोक कपडे वाळत घालतात.

आता प्रशिक्षण. ही तक्रार मला निवड झालेल्या मुलांनी सांगितली आहे आणि नागरिक म्हणून ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. निवडयादी लागते, वैद्यकीय तपासणी होते, चारित्र्य पडताळणी होते, आणि मग प्रशिक्षणाच्या तुकडीत नंबर लागण्याची वाट बघावी लागते. कारण उघड आहे. काही वर्षं भरती नाही आणि मग एकदम सतरा हजार मुलं. जालना, तुरची, अकोला, धुळे, लातूर, खंडाळा, नागपूर, सोलापूर, मरोळ इथल्या प्रशिक्षण केंद्रांत एका वेळी मावणार किती? भरती दरवर्षी थोडी-थोडी झाली तर हीच केंद्रं बाराही महिने सारख्या भारानं चालतील आणि शिकवणाऱ्यांना मुलाकडे लक्ष देता येईल.

मूलभूत प्रशिक्षण नऊ महिन्यांचं. त्यात कवायत, शस्त्र, शारीरिक क्षमता हवीच, मी क्रीडाशिक्षक असून ते कमी करा म्हणणार नाही. मात्र १ जुलै २०२४ पासून देशात फौजदारी कायदे बदलले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी नोंदवून घ्यायचा, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं, अशा गोष्टी आता कायद्यातच आल्या आहेत. तज्ज्ञ येईपर्यंत घटनास्थळ राखणारा माणूस शिपाईच असतो. ठाण्याच्या दारात रडत आलेल्या बाईशी पहिला बोलतो तो शिपाई. अटक केलेल्या माणसाचे हक्क काय, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच घालून दिलं, ते पाळायचं की मोडायचं हे बऱ्याचदा रात्रपाळीच्या शिपायाच्या हाती असतं. माझा एक विद्यार्थी प्रशिक्षण संपवून भेटायला आला तेव्हा म्हणाला, “सर, परेड एक नंबर झाली, पण पंचनामा मी पहिल्यांदा ड्युटीवरच बघितला.” हा मुलगा हुशार आहे, शिकेल. पण त्याच्या शिकण्याची किंमत कुण्या तक्रारदाराने का मोजावी?

भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण हे विषय आहेत. ते राहू द्या, खेड्यातल्या मुलाला ते जमतात. कायदा शिकवण्याची जागा प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तिथेच तो करून घेत शिकवला गेला पाहिजे.

महोदय, माझ्या मागण्या अशा आहेत.

१. दरवर्षी १ जुलैपर्यंत पुढील वर्षभरात रिक्त होणाऱ्या पदांची घटकनिहाय यादी संकेतस्थळावर टाकावी. सप्टेंबरमध्ये जाहिरात, डिसेंबर ते फेब्रुवारी मैदानी, मार्चमध्ये लेखी, मेपर्यंत अंतिम यादी, हे वेळापत्रक शासन निर्णयाने बांधून घ्यावं. आचारसंहिता येणार असेल तर तिची सोय त्यातच धरावी.

२. एखाद्या वर्षी शासनाला भरती घेता आली नाही, तर त्या वर्षात वय उलटलेला उमेदवार पुढच्या भरतीला आपोआप पात्र धरावा. त्यासाठी मोर्चे काढायची आणि मंत्रिमंडळाच्या विशेष निर्णयाची वाट बघायची पाळी येऊ नये.

३. मैदानी चाचणी जून ते सप्टेंबर कुठेही घेऊ नये. लांब पल्ल्याची धाव सकाळी नऊनंतर सुरू करू नये. धावण्याआधी प्रत्येकाची नाडी आणि रक्तदाब बघावा, मैदानावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका असावी, पाणी आणि ओआरएस रांगेतच मिळावं. आदल्या रात्री उमेदवारांना टेकायला मुख्यालयाचा हॉल किंवा जवळची शाळा उघडून द्यावी. मुलींसाठी ती वेगळी आणि महिला कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली असावी.

४. महिला उमेदवारांना मैदानी चाचणीची तारीख कारण न देता एकदा बदलून मिळावी, आणि ही सोय हॉलतिकिटावर छापलेली असावी.

५. परीक्षेचा क्रम, प्रकार आणि गुण किमान पाच वर्षं बदलू नयेत. बदलायचेच असतील तर एक वर्ष आधी जाहीर करावं.

६. निवड झालेल्या प्रत्येकाला अंतिम यादीसोबतच प्रशिक्षण केंद्र आणि रुजू होण्याची तारीख कळवावी. नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणातला ठरावीक काळ प्रत्यक्ष पोलीस ठाण्यात, अनुभवी हवालदाराच्या हाताखाली असावा. फिर्याद लिहिणं, पंचनामा, घटनास्थळ राखणं, प्रथमोपचार आणि तक्रारदाराशी बोलणं यांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी. अभ्यासक्रम लोकांना वाचता येईल असा जाहीर करावा.

७. जिल्हा पोलीस मुख्यालयांची मैदानं आणि तालुका क्रीडा संकुलं पहाटे पाच ते सात भरतीच्या मुलामुलींसाठी मोफत खुली करावीत. आमच्या तालुक्याच्या संकुलाला कुलूप आहे आणि मुलं रस्त्यावर धावतात. यासाठी नवीन निधी लागत नाही, फक्त किल्ली कुणाकडे असेल त्याला आदेश द्यावा लागतो.

यातली सातवी मागणी आपण या आठवड्यात मान्य करू शकता, तिसरी आणि चौथी पुढच्या ग्राउंडच्या आधी. पहिलीसाठी शासन निर्णय लागेल, त्याला वेळ द्यायची आमची तयारी आहे. मात्र पुढच्या वर्षीची जाहिरात कोणत्या महिन्यात निघणार, याचं लेखी उत्तर आम्हाला हवं आहे. ते मिळालं की मी शाळेच्या फलकावर लावीन आणि पालकांना वाचून दाखवीन.

आपला,
एक क्रीडाशिक्षक